गीझ लिपींतील दोन सकार व त्यांचे संकेतांक

हबश देशांतील, म्हणजे हल्लींच्या इथिओपिया व एरिट्रिया येथील, प्राचीन पोथ्या गीझ लिपींत लिहिलेल्या आहेत. (जंजिऱ्याच्या राज्यास आपल्याकडे 'हबसाण' म्हणत, तें येथें अभिप्रेत नाहीं.) या लिपींत एका उच्चाराचीं एकाहून अधिक अक्षरें आढळतात. त्यांपैकीं 'शौत' हें पांचवें व 'सात' हें सातवें अक्षर येथें विचारास घेतों. संगणकाच्या जागतिक वर्णसंचांत, म्हणजे युनिकोडांत, हीं कशीं नोंदलीं गेलीं हा प्रश्न वरवर यंत्रज्ञांचा दिसतो. आमच्या मतें तो पोथी वाचणारांचा आहे.

हीं दोन्ही अक्षरें दक्षिण अरबस्तानच्या लिपींतील दोन भिन्न वर्णांपासून निघालीं. इ. स. च्या चौथ्या शतकांत अक्सूमचा राजा एझाना याच्या कारकीर्दींत या लिपींत स्वर दाखवूं लागले, तेव्हां दोहोंचे उच्चार निराळे होते. पुढें ते एक झाले व लेखक एकाच्या जागीं दुसरें घालूं लागले. आज अम्हारी बोलणारा दोन्ही 'स' असेच उच्चारतो. ओळख पटावी म्हणून पहिल्यास 'राजाचा स' व दुसऱ्यास 'अग्नीचा स' म्हणतात; कारण 'नेगुस' म्हणजे राजा या शब्दांत मूळचें पहिलें व 'इसात' म्हणजे अग्नि यांत दुसरें येतें. तथापि राजाही पुष्कळ ठिकाणीं अग्नीच्या सकारानें लिहिलेला सांपडतो! डिल्मानच्या १८६५ च्या गीझ कोशांत मात्र दोन्ही सकारांचे शब्द निरनिराळ्या स्थळीं लाविले आहेत.

ही लिपि १९९९ सालीं युनिकोडाच्या तिसऱ्या आवृत्तींत दाखल झाली. देवनागरी 'सु'स सकार व उकार असे दोन अंक लागतात. गीझमध्यें स्वर अक्षराच्या आकृतींतच मुरलेला असल्यानें प्रत्येक रूपास स्वतंत्र अंक मिळाला. शौताचें कुळ ४६४० पासून व साताचें ४६५६ पासून सुरू होतें. 'नेगुस' यांतील अंत्य अक्षर जुन्या लेखनाप्रमाणें ४६४५ व बदललेल्या लेखनाप्रमाणें ४६६१ ठरतें. उच्चार एक असला तरी यंत्रास तीं सर्वस्वीं भिन्न.

यामुळें शोधांत अडचण येते हें खरें. एका सकारानें राजा शोधला तर दुसऱ्या सकाराचा राजा हातीं लागत नाहीं. म्हणून अम्हारी मजकुरावर यंत्रद्वारां काम करणारे समोच्चारी अक्षरें आधींच एक करून टाकतात. वर्तमानपत्रांपुरतें तें चालेल. पोथीच्या नकलेंत तें आम्हांस घातक वाटतें. कोणत्या लेखकानें भेद पाळला, कोणीं मोडला, एकाच पोथींत कोठें हात बदलला, दोन प्रती एकाच मूळावरून उतरल्या कीं काय, याची साक्ष अशाच अदलाबदलींतून मिळते. अक्षरें एक केलेल्या नकलेवरून ती परत काढतां येत नाहीं. एकीकरण करणें तें शोधसूचींत करावें; पाठ पोथीबरहुकूम ठेवावा.

आमच्या दप्तरांत याच्या उलट प्रकार घडतो. मोडींत ह्रस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळीत नाहींत. देवनागरींत उतरतांना संपादक तो आपल्या पदरचा घालतो. मोडीस २०१४ सालीं सातव्या आवृत्तींत स्थान मिळालें व तींत दोन्ही वेलांट्यांस वेगळे अंक आहेत. तेव्हां मोडी कागद मोडींतच उतरतांना कागदावर कोणती वेलांटी आहे, हें व्याकरणास न विचारतां कागदासच विचारावें लागेल.