परमुलखातील आपला मोहल्ला

न्यूयॉर्क शहरातील चेंबर्स स्ट्रीटवर १८५० साली आयरिश परागंदांसाठी एक बचत-पेढी निघाली. 'एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँक' हे तिचे नाव. तेथील कॅथलिक धर्मपीठाचे प्रमुख जॉन ह्यूज यांच्या उत्तेजनाने 'आयरिश एमिग्रंट सोसायटी'च्या अठरा सभासदांनी ती स्थापन केली होती. पैसे ठेवायला येणाऱ्यांत अक्षरशत्रू पुष्कळ. त्यांना सही करता येत नसे, आणि मर्फी, सुलिव्हन, केली ही नावे तर इतकी सर्वसाधारण की, केवळ नावावरून माणसाची ओळख पटणे दुरापास्त. तेव्हा पेढीच्या कारकुनाने खाते उघडताना प्रत्येक इसमास त्याचा जन्म कोणत्या काउंटीत आणि कोणत्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीतील वस्तीत) झाला, आईचे माहेरचे आडनाव काय, कोणत्या जहाजाने व कोणत्या साली तो आला, भावंडे किती व कोठे आहेत, आणि सध्या तो कोणत्या गल्लीत राहतो, हे सर्व विचारून वहीत उतरून घ्यावे, आणि पुढे पैसे काढायला आला म्हणजे त्यातलेच प्रश्न घालून तो तोच असल्याची खातरजमा करून घ्यावी, असा शिरस्ता पडला. लबाडीस आळा घालण्यासाठी टिपलेल्या या मजकुराने एका समाजाच्या निवासाचा इतिहास आपल्या हाती ठेवला आहे; कारण जन्मस्थानाचा रकाना आणि राहत्या पत्त्याचा रकाना शेजारी शेजारी ठेवून वाचले की, आयर्लंडच्या एका कोपऱ्यातले लोक अटलांटिक ओलांडून आल्यावर पुन्हा एकाच गल्लीत, कित्येकदा एकाच इमारतीत, एकत्र आलेले दिसतात. टायलर अॅनबाइंडर यांच्यासारख्या इतिहासकारांनी ही दप्तरे चाळून जे दाखवून दिले आहे, ते मला फार मोलाचे वाटते. ज्यांच्याविषयी इतरांनीच सदैव लिहिले, त्यांचे स्वतःचे बोल येथे कारकुनाच्या लेखणीतून का होईना, पण ऐकू येतात.

१८४५ साली बटाट्यावर करपा पडला आणि पुढील सहा-सात वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व तापाच्या साथींनी मेली; त्याहून अधिक माणसांनी देश सोडला. १८४१ च्या शिरगणतीत जी लोकसंख्या ब्याऐंशी लक्षांच्या घरात होती, ती १८५१ मध्ये पासष्ट लक्षांवर आली. बाहेर पडलेले हे लोक बहुतांशी खेड्यातले, कुदळीने जमीन खणून बटाट्याच्या तुकड्यावर गुजराण करणारे. आयुष्यात मोठे शहर न पाहिलेल्या या लोकांसमोर अमेरिकेच्या पश्चिम भागात स्वस्त जमीन विस्तीर्ण पसरलेली असताना त्यांनी ती सोडून न्यूयॉर्कच्या सर्वांत दाटीच्या, सर्वांत बदनाम वस्तीत बिऱ्हाड का थाटावे, हा प्रश्न तत्कालीन परोपकारी गृहस्थांना पडला, आणि त्यांपैकी अनेकांनी त्याचे उत्तर या लोकांच्या आळसात, व्यसनात किंवा अज्ञानात शोधले. ते उत्तर मला मान्य नाही. निवड करण्याचे स्वातंत्र्य ज्यांना फार थोडे होते, त्यांनी त्या थोड्या स्वातंत्र्याचा जो उपयोग केला, त्यात बरीच व्यवहारबुद्धी होती.

बंदरावर पाय ठेवल्याबरोबर गाठ पडे ती दलालांशी. 'रनर' म्हणून ओळखले जाणारे हे लोक बहुधा आयरिशच असत. आपल्याच बोलीत, आपल्याच काउंटीचे नाव घेऊन ते नवागतास हाक मारीत, त्याची पेटी उचलून चालू लागत, आणि धक्क्यालगतच्या एखाद्या खाणावळीत नेऊन ठेवीत, जेथे आरंभी सांगितलेला दर निघतेवेळी कितीतरी पटींनी वाढे आणि तो चुकता होईपर्यंत पेटी अडकवून ठेवली जाई. राज्य सरकारने १८४७ मध्ये परागंदांच्या देखरेखीसाठी कमिशनर नेमले, आणि १८५५ च्या ऑगस्टमध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकावरील कॅसल गार्डन हे जुने नाट्यगृह उतारूंसाठी उघडले. तेव्हापासून नाणी बदलून घेणे, पुढील प्रवासाची तिकिटे काढणे, आप्तांचा ठावठिकाणा विचारणे ही कामे दलालाविना होऊ लागली. परंतु ज्याच्या खिशात बहिणीचे किंवा चुलत्याचे पत्र होते, आणि त्या पत्रात गल्लीचे नाव व घराचा क्रमांक लिहिलेला होता, त्याला या व्यवस्थेची तितकीशी गरज नव्हती. त्याने राहायचे कोठे, हे आयर्लंडचा किनारा सोडण्यापूर्वीच ठरून गेले होते.

अशी पत्रे ज्या भागांतून सर्वाधिक जात, त्यांत शहराचा सहावा वॉर्ड आणि त्यातील 'फाइव्ह पॉइंट्स' हा मोहल्ला अग्रगण्य होता. पूर्वी तेथे गोड्या पाण्याचे एक तळे होते. कातडी कमावणाऱ्यांनी आणि खाटिकांनी ते नासवले, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते बुजवण्यात आले. भरावाची जमीन खचत राहिली, तळघरांत पाणी झिरपू लागले, घरे कलंडू लागली; सुखवस्तू कुटुंबे उत्तरेकडे सरकली आणि मागे राहिलेल्या घरांचे खोल्या-खोल्यांनी तुकडे करून मालकांनी ती भाड्याने दिली. १८४२ साली चार्ल्स डिकन्स पोलिसांच्या सोबतीने हा भाग पाहून गेला आणि त्याने केलेल्या वर्णनाने फाइव्ह पॉइंट्सची दुष्कीर्ती जगभर झाली. ते वर्णन खोटे नव्हते. मात्र अंगणातून वा जिन्यावरून पाहणाऱ्याला जी दिसत नाही अशी एक व्यवस्था त्या दाटीच्या आत होती.

तिचे सर्वांत बोलके उदाहरण केरी काउंटीतील केन्मेअरच्या कुळांचे. या भागातील फार मोठी जमीन लॅन्सडाउनच्या मार्क्विसची होती. (पुढे १८८८ ते १८९४ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड लॅन्सडाउन हे याच जमीनदाराचे नातू.) दुष्काळात त्याची कुळे केन्मेअरच्या दरिद्रगृहात भरती झाली, आणि त्यांच्या पोटापाण्याचा खर्च कायद्याने जमीनदारीवर पडू लागला. १८५० च्या सुमारास विल्यम स्टुअर्ट ट्रेंच नावाचा नवा कारभारी आला. त्याने हिशेब मांडला तो असा की, या लोकांना येथे वर्षभर पोसण्यास जितका पैसा लागेल, त्याहून कमी पैशात त्या सर्वांना अमेरिकेला कायमचे पाठवून देता येईल. धन्याने मान्यता दिली आणि वर्षभरात तीन हजारांवर माणसे जहाजांवर चढवण्यात आली. ट्रेंचने पुढे आपल्या आठवणीत या कामगिरीचा मोठ्या समाधानाने उल्लेख केला आहे. परंतु अंगावर धड वस्त्र नाही, गाठीला पैसा नाही, आणि पुष्कळांना इंग्रजीपेक्षा आयरिश भाषाच जवळची, अशा अवस्थेत ही माणसे न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली तेव्हा तेथील लोकही हळहळले.

या माणसांपैकी बरीच फाइव्ह पॉइंट्समधील ऑरेंज स्ट्रीटच्या आसपास, म्हणजे पुढे जिला बॅक्स्टर स्ट्रीट म्हणू लागले त्या गल्लीत, एकमेकांना धरून राहिली. तुओसिस्ट पॅरिशमधल्या शेजाऱ्याच्या वरच्या मजल्यावर तुओसिस्टचाच शेजारी, अशी ती रचना. त्यांच्या खोल्या म्हणजे रस्त्याच्या बाजूची बारा फुटांच्या आसपासची एक खोली, तीतच चूल, तीतच जेवण, तीतच दिवसभर शिवणकाम. तिच्या मागे खिडकी नसलेली निजायची कोठडी. पाणी आणि शौचकूप खाली अंगणात. भाडे परवडावे म्हणून अशा बिऱ्हाडात एक-दोन पोटभाडेकरू ठेवलेले असत, आणि ते बहुधा नुकतेच आलेले नातलग वा गाववाले असत. नवख्याला पहिल्या रात्रीपासून छप्पर मिळे, कोणत्या मुकादमाकडे उद्या पहाटे उभे राहायचे ते कळे. जुन्याचे भाडे निम्मे होई. आणि याच गल्लीतल्या, जिला बाहेरचे लोक नरक म्हणत, माणसांची नावे जेव्हा चेंबर्स स्ट्रीटवरील पेढीच्या वह्यांत सापडली, तेव्हा दरिद्रगृहातून हाकलून दिलेल्या या कुळांपैकी कित्येकांच्या खाती अवघ्या काही वर्षांत शंभर आणि त्याहून अधिक डॉलरांची शिल्लक आढळली. साध्या मजुराला त्या काळी दिवसाकाठी एक डॉलरच्या आसपास मिळे, आणि तेही वर्षाचे सगळे दिवस नव्हे, हे लक्षात घेतले म्हणजे या शिल्लकेमागचे कष्ट आणि काटकसर यांची कल्पना येते. दाटीत राहण्याची किंमत त्यांनी आरोग्याने मोजली, मुलांच्या मृत्यूने मोजली. पण त्या दाटीतूनच धाकट्या भावाचे तिकीट निघाले.

मजुरीचे स्वरूपही राहण्याची जागा ठरवीत होते. गोदीवरील हमालाला कायमची नोकरी नसे. जहाज लागले की पहाटे धक्क्यावर हजर असलेल्यांतून मुकादम माणसे उचली. म्हणून ईस्ट नदीकाठचा चौथा वॉर्ड गोदी-कामगारांनी भरला, पलीकडच्या तीरावर ब्रुकलिनच्या नौदल-गोदीलगत व्हिनेगर हिलची वस्ती वाढली, आणि पुढे हडसनकाठच्या धक्क्यांनी व रेल्वेच्या मालधक्क्यांनी 'हेल्स किचन' हा पश्चिमेचा मोहल्ला आयरिश झाला. ट्रामच्या भाड्याचे दोन खेपांचे पैसेही ज्याला जड, त्याला हाक ऐकू येईल इतक्या अंतरावर राहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

मजुरी आणि नातलग यांच्या जोडीला तिसरी गोष्ट होती ती धर्ममंदिराची. फेलिक्स व्हारेला या क्यूबातील निर्वासित धर्मगुरूने १८२७ मध्ये स्थापन केलेला 'ट्रान्सफिगरेशन' पॅरिश १८५३ साली मॉट स्ट्रीटवरील प्रॉटेस्टंटांचे जुने देवालय विकत घेऊन तेथे नांदू लागला. तेथील विवाहनोंदींत वधूवरांचे आयर्लंडमधील मूळ पॅरिश टिपून ठेवीत. त्यावरून स्लायगो, कॉर्क आणि केरी या तीन काउंटींतल्या लोकांचा या मोहल्ल्यात केवढा मोठा भरणा होता, हे समजते. १८५६ च्या फेब्रुवारीत बफलो येथे थॉमस डार्सी मॅगी यांच्या पुढाकाराने एक परिषद भरली आणि शहरात कोंडलेल्या आयरिशांना पश्चिमेकडील शेतजमिनीवर वसवावे, अशी योजना तीत मांडण्यात आली. आर्चबिशप ह्यूज यांनी तिला कडाडून विरोध केला. ते स्वतः टिरोन काउंटीतून आलेले, तरुणपणी माळीकाम केलेले. धर्मगुरू नाही, शाळा नाही, शेजारी कोसभर दूर, अशा माळरानावर हा समाज विखुरला तर तो टिकणार नाही, ही त्यांची धास्ती होती. त्यांच्या विरोधात धर्मसत्तेचा स्वार्थ पाहणारे टीकाकार आहेत, आणि शहरातील रोगराईकडे त्यांनी पुरेसे लक्ष दिले नाही असे म्हणण्यास जागाही आहे. तरीपण बैल, नांगर, बियाणे आणि पहिल्या पिकापर्यंतचे धान्य यांसाठी लागणारे भांडवल या लोकांजवळ नव्हते, आणि वाफाभर बटाटे लावण्याचे कसब प्रेअरीवरील शेतीला पुरणारे नव्हते, हे ह्यूज यांनी ओळखले होते. १८५५ च्या राज्य-शिरगणतीत शहराच्या सुमारे सव्वासहा लक्ष वस्तीत आयर्लंडमध्ये जन्मलेले पावणेदोन लक्ष भरले, म्हणजे लोकांनी आपला निर्णय परिषदेच्या आधीच दिला होता.

स्त्रियांची गोष्ट निराळी. युरोपातील इतर देशांच्या मानाने आयर्लंडमधून एकट्या, अविवाहित मुली फार मोठ्या संख्येने आल्या, आणि त्यांतील बहुसंख्य घरकामास लागल्या. त्यांचे राहणे मालकाच्या घरी, पोटमाळ्यावरच्या किंवा तळघरातल्या खोलीत; शहराच्या सर्वांत श्रीमंत रस्त्यांवर त्यांचा पत्ता असे. जेवण-निवाऱ्याचा खर्च नसल्याने त्यांची शिल्लक लवकर जमे आणि मायदेशी जाणाऱ्या पैशांत, तसेच आगाऊ भरलेल्या तिकिटांत, त्यांचा वाटा फार मोठा होता. आठवड्यातली एक मोकळी दुपार आणि रविवारची प्रार्थना एवढाच काय तो त्यांचा आपल्या मोहल्ल्याशी संबंध. मागाहून येणाऱ्या भावाने कोणाच्या घरी उतरावे, हे मात्र पुष्कळदा त्यांच्याच पत्रातून ठरे.

या वृत्तान्ताची एक बाजू दुःखद आहे आणि ती वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. फाइव्ह पॉइंट्समध्ये आयरिशांच्या आधीपासून कृष्णवर्णीयांची वस्ती होती. गोदीवरील त्याच मजुरीसाठी दोघांत चढाओढ लागली, आणि १८६३ च्या जुलैत सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध जो दंगा उसळला त्यात आयरिश मजुरांच्या जमावांनी कृष्णवर्णीयांना भर रस्त्यात फाशी दिले, फिफ्थ अॅव्हेन्यूवरील त्यांच्या मुलांचे अनाथालय जाळले. आयरिश पोलीस जमावाशी लढले आणि आयरिश धर्मगुरू आडवे पडले, हेही खरे. पण दंग्यानंतर शेकडो कृष्णवर्णीय कुटुंबांनी घरे सोडली आणि दोनच वर्षांत मॅनहॅटनवरील त्यांची संख्या दहा हजारांच्याही खाली उतरली. स्वतःच घराबाहेर काढल्या गेलेल्या लोकांकडून हे व्हावे, याचा विषाद वाटल्याशिवाय राहत नाही.

१८७८ नंतर थर्ड अॅव्हेन्यूवर उन्नत रेल्वे धावू लागली, १९०४ मध्ये भुयारी रेल्वे आली, आणि कामाच्या जागेपासून दूर राहणे प्रथमच शक्य झाले. मलबेरी स्ट्रीटवर इटालियन आले; जेकब रीस यांच्या लेखणीने व छायाचित्रांनी गाजलेला तेथील जुन्या इमारतींचा भाग पाडून १८९७ साली बाग झाली. आयरिश कुटुंबे उत्तरेकडे ब्रॉन्क्स आणि इनवुडला, पूर्वेकडे क्वीन्समधील वुडसाइड व सनीसाइडला गेली. पण जातानाही पॅरिश पाहून गेली. 'तुम्ही कोठे राहता' याचे उत्तर रस्त्याच्या नावाऐवजी देवालयाच्या नावाने देण्याची त्यांची रीत विसाव्या शतकातही बराच काळ टिकली. काउंटी-काउंटीचे संघ निघाले, आणि त्यांचे हर्लिंगचे व आयरिश फुटबॉलचे सामने ब्रॉन्क्समध्ये ब्रॉडवेच्या २४०व्या रस्त्याजवळ १९२६ साली घेतलेल्या मैदानावर होऊ लागले. ते आजचे गेलिक पार्क.

अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्याने आयर्लंडमधून येण्याचा कायदेशीर मार्ग अरुंद झाला. १९८० नंतर मायदेशी बेकारी वाढली तेव्हा हजारो तरुण पर्यटकाच्या परवान्यावर येऊन बेकायदा राहिले. त्यांच्यापुढे पुन्हा तोच प्रश्न उभा राहिला. ज्याच्याजवळ कागदपत्रे नाहीत, त्याला घर कोण देणार, आणि काम कोण देणार? उत्तर मिळाले ते ब्रॉन्क्सच्या बेनब्रिज अॅव्हेन्यूवर आणि वुडलॉनमधील कटोना अॅव्हेन्यूवर. तेथील घरमालक आयरिश, बांधकामाचे ठेकेदार आयरिश. मद्यगृहाच्या फलकावर खोलीची चिठ्ठी, बाकावर बसलेल्या गाववाल्याकडे कामाची खबर. १९८६ च्या डॉनेली योजनेने आणि १९९० च्या मॉरिसन योजनेने, जीत तीन वर्षे दरसाल सोळा हजार परवाने आयरिशांसाठी राखून ठेवलेले होते, अनेकांना उजळ माथ्याने वावरता आले. परवाना हाती आल्यावर शहरात कोठेही राहण्याची मुभा मिळाली असतानाही त्यांतले कित्येक वुडलॉनमध्येच राहिले, तर काहींनी शहराची हद्द ओलांडून पलीकडे यॉन्कर्सच्या मॅक्लीन अॅव्हेन्यूवर घरे घेतली, जी कटोना अॅव्हेन्यूपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.