नामदार गोखल्यांचा वार्षिक पाठ

मराठीच्या वर्गात गोपाळ कृष्ण गोखल्यांचे नाव येते ते बहुधा टिळक-आगरकरांच्या कालखंडातील तिसरे नाव म्हणून, आणि तेथेच थांबते. कारण उघड आहे. त्यांचे उत्तम ते सारे इंग्रजीत आहे, आणि आपला वाङ्मयेतिहास भाषेची वेस सहसा ओलांडत नाही. तरीही युक्तिवादाच्या गद्याचा अभ्यास करणाऱ्याने त्यांची कायदेमंडळातील भाषणे वाचावीत असे आम्हांस वाटते. ती भाषणे म्हणजे एका अध्यापकाने घेतलेले तास आहेत. त्यांचे बळ त्यात आहे आणि त्यांची मर्यादाही.

१८८६ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झालेले गोखले १९०२ पर्यंत शिकवीत राहिले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र. जो विषय अडेल तो त्यांच्याकडे येई. अंकगणिताचे एक शालेय पुस्तकही त्यांनी लिहिले. (या पुस्तकाला त्यांच्या चरित्रात फारच थोडी जागा मिळते, आमच्या मते ते त्यांच्या राजकारणाची पूर्वतयारी होते.) अर्थशास्त्राचे खरे शिक्षण मात्र न्यायमूर्ती रानड्यांपाशी झाले. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाच्या निमित्ताने सरकारी अहवाल ओळीओळीने वाचायचे, आकडा दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहायचा, ही शिस्त तिथली. १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे साक्ष, १८९९ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात निवड आणि १९०२ मध्ये कलकत्त्याचे वरिष्ठ कायदेमंडळ, असा पुढचा प्रवास झाला.

२६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. अध्यक्षस्थानी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. तिजोरीत सुमारे सात कोटींची शिल्लक होती आणि देशाची भरभराट होत असल्याचा पुरावा म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जात होते. गोखल्यांनी आवाज चढवला नाही, हिशेब मांडला. १८९४-९५ च्या सुमारास रुपयाची किंमत तेरा पेन्सपर्यंत घसरली होती. टांकसाळी जनतेसाठी बंद केल्यानंतर ती पुढे सोळा पेन्सवर स्थिर झाली. हिंदुस्थान सरकारला विलायतेतील खर्च पौंडांत भागवावा लागे. तेरा पेन्सच्या भावाने एका पौंडाला साडेअठरा रुपयांच्या आसपास पडत, सोळाच्या भावाने पंधरा. पौंडामागे जवळजवळ साडेतीन रुपये वाचले, आणि पाठवायचे पौंड दीड कोटीहून अधिक. पाच कोटींची बचत तर येथेच झाली! रुपया घसरला म्हणून वाढवलेले कर रुपया सावरल्यावर उतरवलेच नाहीत, म्हणून तिजोरी भरली. शिल्लक रयतेच्या सुखाची नव्हे, तिच्याकडून घेतलेल्या जादा कराची खूण होती. इतके साधे गणित आणि इतका मोठा निष्कर्ष यांची सांगड घालणारे गद्य आपल्याकडे विरळाच.

सभागृहाची घडण लक्षात घेतली म्हणजे या पद्धतीचे मोल कळते. १८९२ च्या कायद्याने सभासदांना अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा दिली होती, मत देण्याची नव्हे. ज्याच्या हाती मत नाही त्याने पटवून देण्यापलीकडे करायचे तरी काय? गोखले दरवर्षी तोच पाठ नव्या आकड्यांनिशी घेत राहिले. मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. १९०३ मध्येच प्राप्तिकराची माफी पाचशेवरून हजार रुपयांच्या उत्पन्नापर्यंत गेली. सारे श्रेय एकट्या गोखल्यांना देणे भाबडेपणाचे ठरेल, पण मागणी त्यांनी लावून धरली होती हे नाकारता येत नाही.

मात्र हाच पाठ दुसऱ्या ठिकाणी वाया गेला, आणि तो भाग आम्हां सोलापूरकरांच्या अधिक जवळचा आहे. आज आमच्या जिल्ह्याच्या उद्योगाचे नाव घेतले की पुणे रस्त्यावरील चिंचोळी एमआयडीसी डोळ्यांपुढे येते. त्या काळी उद्योग म्हणजे हातमाग आणि १८७७ ची जुनी गिरणी. १८९६ पासून देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर होता. हातमाग त्यातून सुटला, गिरणी सुटली नाही. हा कर महसुलाच्या गरजेपोटी आलेला नव्हता; आयात कापडावर तेवढीच जकात होती, तिचा लाभ देशी मालाला मिळू नये अशी लँकेशायरची इच्छा होती. गोखल्यांनी १९०२ मध्येच तो रद्द करण्याची मागणी केली. मिठाच्या बाबतीत समोर निव्वळ तिजोरी होती आणि ती भरलेली होती, म्हणून आकडे ऐकले गेले. येथे समोर मँचेस्टरचे हितसंबंध होते. त्यांच्याशी अंकगणित चालत नाही.

मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर गोखल्यांनी १६ मार्च १९११ रोजी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते अतिशय सावध होते: स्थानिक संस्थांना वाटल्यास, सरकारच्या संमतीने, सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी सक्ती करता यावी, एवढेच. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. विरोधकांत हिंदी सभासदही होते. इतकी कापून-छाटून केलेली मागणीही नाकारली जाते, तेव्हा सावधपणाने काय मिळवले असा प्रश्न जहालांनी विचारला असेल, तर तो गैरवाजवी म्हणता येणार नाही.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले वारले. नगरपालिकांना सक्तीच्या शिक्षणाची मुभा देणारा मुंबई इलाख्याचा कायदा विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये आला. कापडावरील अबकारी कर १९२५ च्या अखेरीस स्थगित झाला आणि १९२६ मध्ये रद्द.