जुना लॅपटॉप म्हातारा कधी होतो?

ब्लॅकटाउनमध्ये ज्या घरांतली मुलं पंधरा वर्षांपूर्वी सरकारी हायस्कूलला होती, तिथे गराजमध्ये एखादा छोटा लेनोवो अजून सापडतो. पंतप्रधान केव्हिन रड यांच्या सरकारच्या ‘डिजिटल एज्युकेशन रेव्होल्यूशन’ची ती आठवण. 2009 पासून न्यू साउथ वेल्सच्या सरकारी शाळांत नववीच्या मुलांना हे लॅपटॉप मिळाले. बारावी झाली की लॅपटॉप मुलाचाच. 2013 मध्ये योजनेचा निधी संपला.

पहिल्या तुकडीतला लॅपटॉप होता आयडियापॅड एस10ई. पडदा 10 इंची, प्रोसेसर इंटेलचा ॲटम एन270, आत विंडोज 7. त्या विंडोजला किमान 1 जीबी रॅम पुरत असे.

याहून कमी रॅमवरही शाळा चालली होती, आणि तीही महाराष्ट्रात. 2007 मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाचे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात गावच्या छोट्या शाळेत आले. रॅम अवघी 256 एमबी, हार्ड डिस्क नाहीच, तिच्या जागी 1 जीबीची फ्लॅश मेमरी. हे जमलं, कारण फेडोरा लिनक्स आणि त्यावरचा ‘शुगर’ हा मुलांसाठीचा इंटरफेस त्या यंत्राच्या मापानेच बेतले होते.

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, डिस्क म्हणजे फडताळ. ओटा लहान असला की प्रत्येक भांडं फडताळात ठेवा, पुन्हा काढा, यातच वेळ जातो. लॅपटॉप रखडतो तो असा. आज ओटा अडवतो मुख्यतः ब्राउझर. लिनक्समध्ये 2014 पासून झेडरॅमची सोय आहे. ती रॅममधला मजकूर दाबून रॅममध्येच ठेवते, त्यामुळे फडताळाच्या फेऱ्या कमी होतात. सोबत एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीसारखा हलका डेस्कटॉप घेतला आणि टॅब मोजके ठेवले, तर 2 जीबीवरही आजी-आजोबांचं मराठी वर्तमानपत्र आणि ईमेल निभावतं.

पण जुना लॅपटॉप बाद होतो तो बहुधा कॅलेंडरमुळे. विंडोज 7 ची सुरक्षा-दुरुस्ती 14 जानेवारी 2020 ला थांबली, विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला. विंडोज 11 ला 4 जीबी रॅम, 64 बिट प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 लागतं. यातली रॅम कधी कधी वाढवता येते, प्रोसेसरचे बिट वाढवता येत नाहीत. एन270 तर 32 बिटच. ऑगस्ट 2025 च्या डेबियन 13 मध्ये 32 बिट पीसीसाठी इन्स्टॉलर उरला नाही, आणि त्याच वर्षी मोझिलाने 32 बिट लिनक्सवरच्या फायरफॉक्सचा आधार थांबवण्याचं जाहीर केलं. वर्षानुवर्षं जुन्या यंत्रांना थारा देणाऱ्या लिनक्सचं दारही असं हळूहळू मिटतं आहे.

म्हणून गराजमधला लॅपटॉप उघडलात, तर आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. मग प्रोसेसर पाहा. 64 बिट असेल, तर 2 जीबीवरही हलकं लिनक्स बसवून पाहण्यात अर्थ आहे. 32 बिट असेल, तर अँटीएक्ससारखं छोटं लिनक्स त्याला टायपिंगपुरतं जगवेल. बँकेचे व्यवहार मात्र त्यावर करू नयेत. आणि तेही नको असेल, तर ऑस्ट्रेलियात जुने संगणक मोफत स्वीकारणारी केंद्रं आहेत. लाल झाकणाच्या कचरापेटीत तो टाकू नका.