शाईची जुनी बाटली

आपल्या जिल्ह्यातले खामगाव म्हणजे कापसाची नावाजलेली पेठ. पेढ्यांवरचा जमाखर्च एके काळी बोरूने नि टाकाने लिहीत. पुढे फाउंटनपेन आले. पण त्याची शाई बहुधा परदेशी! १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी भावाच्या साथीने शाईची पूड नि वड्या करायला घेतल्या. छाप घोड्याचा. पाठोपाठ फाउंटनपेनसाठी उंटछाप 'कॅमल' शाई आली.

अशी जुनी बाटली आज एखाद्या दुकानाच्या फळीवर सापडली, तर लगेच हुरळून जाऊ नका. न हलवता उजेडात धरा. बुरशीचे तंतू दिसले, कुबट वास आला, तर ती शोभेलाच ठेवा. निळ्या-काळ्या शाईला विशेष जपा. तिच्यात पुष्कळदा लोहक्षार असतो. कागदावर हवा लागून तो काळा पडतो, म्हणून अक्षर टिकते. पण बाटलीत हवा शिरली की त्याचाच साका होतो आणि पेनची वाट बुजते. तेव्हा आधी साधा टाक बुडवून चार ओळी लिहून पाहा. आजोबांच्या खरेदीखतावरचे अक्षर ज्या गुणाने राखले, तोच गुण त्यांच्या पेनचा घात करील. बाटली दुसरी मिळेल हो. ते पेन मिळायचे नाही.