ताटलीतून बाटलीपर्यंत

मागच्या बैठकीत सदाफुलीवरून बरीच बोलाचाली झाली. सकाळी चार पानं चावली की कॅन्सर जातो, असं एकीनं ऐकलेलं. दुसरीनं पेपरात वाचलेलं की कुठल्याशा झाडाच्या अर्कानं स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी मेल्या. म्हणून आम्ही ठरवलं, आज याचाच इतिहास सांगू.

पेशी मेल्या, पण कुठं? बाईच्या अंगात नाही, काचेच्या ताटलीत. अंगाबाहेर जगवलेल्या या पेशींची एक नामांकित जात आहे, एमसीएफ-७. अमेरिकेतल्या सिस्टर कॅथरिन फ्रान्सिस या जोगिणीला स्तनाचा कॅन्सर होता. १९७० साली तिच्या छातीत साठलेल्या पाण्यातून या पेशी मिळाल्या. ती गेली, पण तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. आपल्या देशात अशी पहिली प्रयोगशाळा मुंबईत उभी केली ती एका मराठी बाईनं. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे, जन्म १९१७चा. उंदरांमधल्या स्तनाच्या कॅन्सरवर त्यांनी मोठं काम केलं आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळालं.

आता ताटलीत काय, फिनेल टाकलं तरी पेशी मरतातच! खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. ती किती लांबते, हे शेजारच्या खानदेशातल्या एका माणसाच्या कामावरून कळेल. मलकापूरहून भुसावळ आणि तिथून सुरतेकडची गाडी धरली की नंदुरबार लागतं. डॉ. मनसुख वाणी तिथले, १९२५ साली जन्मलेले. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले आणि तिथं डॉ. मनरो वॉल यांच्यासोबत काम करू लागले.

१९६२ साली अमेरिकेच्या जंगलातून ‘यू’ नावाच्या झाडाची साल गोळा झाली. दोन वर्षांनी तिच्या अर्कानं ताटलीतल्या कॅन्सरच्या पेशी मारल्या. पण अर्कात शेकडो पदार्थ; त्यातला नेमका कोणता मारतो? पाखडत, चाळत, परत तपासत बारा किलो मालातून हाती आलं जेमतेम अर्धा ग्रॅम. त्याची घडण १९७१ साली छापून आली. नाव ठेवलं टॅक्सॉल. तो पेशीला कसा मारतो, हे १९७९ साली डॉ. सुझन हॉरविट्झ या बाईनं शोधलं. एका पेशीच्या दोन होताना आत बारीक धागे बांधले जातात आणि सुटतात. टॅक्सॉल ते सुटूच देत नाही. मग १९८४ साली माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. किती मात्रा सोसते, काय त्रास होतो, सगळं मोजलं. स्तनाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत परवानगी मिळाली १९९४ साली. सालीपासून धरली तर बत्तीस वर्षं.

सदाफुलीचंही तसंच. कॅनडात तिच्यात साखरेचं औषध शोधत होते. साखर राहिली बाजूला, उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच घटल्या. त्यातून १९५८ साली विनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध निघालं. म्हणजे पानात गुण आहे, हे खोटं नाही. पण पांढऱ्या पेशी तर आपल्याला रोगाशी लढायला लागतात, आणि पान चावणारीला मात्रा कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे पानं चावण्यात महिने जातात आणि गाठ वाढत राहते. आमचं म्हणणं स्पष्ट आहे: गाठ हाताला लागली की त्याच आठवड्यात दवाखाना. लाज वाटत असेल तर गटातली एकजण सोबत येईल.

झाडांचीही चिंता होतीच. साल काढली की यू मरतं. पुढं युरोपातल्या यूच्या पानांपासून हे औषध बनवायची रीत सापडली, तेव्हा कुठं ती झाडं वाचली. डॉ. वाणी २०२० साली गेले. केमोच्या बाटलीवर पॅक्लिटॅक्सेल असं लिहिलेलं दिसलं, तर ते हेच औषध.