घरचा टीव्हीच होतो कॉम्प्युटरचा मॉनिटर! पण वायर घेण्याआधी मागची खाच बघा, अन् बोर्डाचं अर्थिंगही

महाडीबीटीवरचे अर्ज, बारावीनंतरचे प्रवेश, पोरांचे व्हिडिओ लेक्चर ही सगळी कामं मोबाईलवर होतात, नाही असं नाही. पण सहा इंचांच्या स्क्रीनवर पाच पानांचा फॉर्म भरताना डोळ्याला पाणी येतं. म्हणून आता वाड्या-वस्त्यांवरही जुना सीपीयू किंवा सेकंडहँड लॅपटॉप येऊ लागलाय. सीपीयू स्वस्तात मिळतो, गाडी अडते ती मॉनिटरच्या खर्चावर. लॅपटॉपचा पडदा फुटला की तो तसाच कपाटावर धूळ खात पडतो. आणि त्याच घरात भिंतीवर ३२ इंची एलईडी टीव्ही लटकलेला असतो. तो मॉनिटरचं काम आरामात करतो. लागते फक्त एक वायर, पण ती बरोबर हवी.

आधी मोबाईलमध्ये दोन फोटो काढा

दुकानात जाण्याआधी टीव्हीच्या मागच्या आणि सीपीयूच्या मागच्या (लॅपटॉप असेल तर दोन्ही बाजूच्या) सगळ्या खाचांचा फोटो काढा. दुकानदाराला तोंडी सांगून चुकीची वायर घरी येते आणि पुन्हा तालुक्याला हेलपाटा पडतो.

चपटी, खालचे दोन कोपरे आत तासलेली खाच म्हणजे एचडीएमआय. तिच्यात १९ पिना असतात, आणि चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून जातात. गेल्या काही वर्षांतल्या जवळपास सगळ्या एलईडी टीव्हींना अशी एक तरी खाच असतेच. डिशचा बॉक्स तिच्यात बसवलेला असेल तर दुसरी शोधा, ती बहुतेक वेळा बाजूला असते. दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर विषयच मिटला. साधी वायर दीड-दोनशे रुपयांपासून मिळते. सोन्याचं पाणी दिलेली हजाराची वायर घेऊन फुल एचडी टीव्हीवर चित्र जास्त चांगलं दिसत नाही. सिग्नल डिजिटल असतो, तो एक तर नीट पोचतो नाही तर चित्र तुटतं, अडकतं. फक्त लांबी आधी दोरीने मोजून घ्या. दहा-पंधरा फुटांपर्यंत साध्या वायरीला अडचण येत नाही.

निळ्या रंगाची, तीन ओळींत १५ छिद्रं आणि दोन बाजूंना स्क्रू असलेली खाच म्हणजे व्हीजीए. ही १९८७ सालची पद्धत आहे, पण ऑफिसांतून निघालेल्या जुन्या सीपीयूंवर अजून हीच असते. तिच्यातून फक्त चित्र जातं, आवाज जात नाही. तुमचा टीव्ही काही वर्षं जुना असेल तर त्याच्या मागे ‘पीसी इन’ लिहिलेली निळी खाच बघा, असेल तर थेट जोडता येईल. आवाजासाठी सीपीयूच्या हिरव्या भोकातून वेगळी वायर टाकावी लागते.

टीव्हीला निळी खाच नसेल आणि सीपीयूला एचडीएमआय नसेल, तर कन्व्हर्टर लागतो. सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथेच. कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतो. आपल्याला हवा तो व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जाणारा. उलट्या दिशेचा दिसायला जवळपास तसाच असतो आणि दुकानात तोच जास्त सापडतो. तो लावला तर टीव्हीवर ‘नो सिग्नल’शिवाय काही येत नाही. योग्य कन्व्हर्टरला चालायला यूएसबीची वायर असते आणि आवाजासाठी बारीक पिन असते, ही खूण लक्षात ठेवा. दोन्ही टोकांना नुसते प्लग असलेली, डबी नसलेली ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ वायर कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

नव्या पातळ लॅपटॉपला कधी नुसती टाइप-सी खाच असते. सगळ्या टाइप-सीमधून चित्र बाहेर येत नाही, काही फक्त चार्जिंग आणि डेटासाठी असतात. दुकानात लॅपटॉपच घेऊन जा आणि लावून बघूनच पैसे द्या. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा नाद सोडा. त्यावर सिनेमा कसाबसा दिसतो, अक्षर वाचता येत नाही.

अनेक जण विचारतात, लॅपटॉपच्या एचडीएमआयमध्ये डिशचा बॉक्स लावून मॅच बघता येईल का? नाही. लॅपटॉपची खाच बाहेर देणारी असते, आत घेणारी नसते.

जोडण्याआधी लाइट बंद, आणि प्लग काढलेले

दुकानदार हे सांगत नाही, आणि आपल्याकडे नुकसान होतं ते यामुळेच.

सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की चरचरतं, मुंग्या येतात, टेस्टर लावला तर मंद पेटतो, हा अनुभव अनेकांना असेल. सीपीयू बिघडलेला नसतो, घराला अर्थिंग नसतं. सीपीयूच्या पॉवर सप्लायमधून थोडासा करंट कायम गळत असतो आणि तो अर्थच्या वायरीतून जमिनीत जावा अशी रचना असते. बोर्डातलं वरचं मोठं भोक नुसतं शोभेचं असेल तर तो पत्र्यावरच बसून राहतो. दाब २३० व्होल्टच्या साधारण निम्मा असतो. करंट थोडा असल्याने माणसाला नुसता चटका बसतो, पण टीव्हीच्या आतल्या नाजूक चिपला तेवढा पुरतो. चालू सीपीयूची वायर चालू टीव्हीत खुपसताना बारीक ठिणगी उडते आणि खाच जळते. ती खाच टीव्हीच्या मुख्य बोर्डावरच असते, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च कधी कधी नव्या मॉनिटरच्या घरात जातो. म्हणजे वाचवायला गेलो ते गेलंच.

म्हणून सीपीयू, टीव्ही आणि डिशचा बॉक्स तिघांचे प्लग बोर्डातून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. वायर दोन्हीकडे नीट बसवा, मगच प्लग लावा. काढतानाही असंच.

आणि जमलं तर अर्थिंग करून घ्याच. माहितीतल्या परवानाधारक वायरमनकडून. काही जण झटपट उपाय म्हणून बोर्डातल्या अर्थच्या भोकात न्यूट्रलची वायर जोडून देतात. चरचर थांबते, टेस्टर पेटत नाही, सगळ्यांना वाटतं काम झालं. पण पुढे कुठे न्यूट्रल तुटला तर पूर्ण २३० व्होल्ट सीपीयूच्या पत्र्यावर येतात. घरात लहान पोरं असतात. असं कुणी करत असेल तर त्याला तिथेच थांबवा. थ्री पिन प्लगची जाड पिन कापणं किंवा काडी घालून टू पिनमध्ये बसवणं हेही त्यातलंच.

पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात ढग गडगडू लागले की डिशची छतावरून आलेली वायरसुद्धा बॉक्समधून काढून ठेवा. आता टीव्हीला सीपीयू जोडलेला आहे, तेव्हा वरून आलेला झटका दोघांनाही पोचतो.

जोडल्यावर

रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ दाबून ज्या नंबरच्या खाचेत वायर आहे तो एचडीएमआय नंबर निवडा. सीपीयू आपोआप टीव्हीवर दिसू लागतो. सीपीयूमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मागे दोन ठिकाणी खाचा असतात. वायर खालच्या आडव्या कार्डात लावा, वरच्या खाचेतून बहुतेक काही येत नाही.

लॅपटॉपवर विंडोजचं चिन्ह असलेलं बटण धरून ‘पी’ दाबा. चार पर्याय येतात. ‘डुप्लिकेट’ म्हणजे दोन्हीकडे तेच, ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ म्हणजे फक्त टीव्हीवर. पडदा फुटलेल्या लॅपटॉपला हा दुसरा पर्याय ठेवा.

चित्र आलं, आवाज लॅपटॉपमधूनच येतोय? खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरवर क्लिक करून टीव्हीचं नाव निवडा.

स्क्रीनच्या कडा कापल्या जात असतील, खालची ‘स्टार्ट’ची पट्टी अर्धी दिसत असेल, तर दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो, कॉम्प्युटरमध्ये नाही. टीव्ही सवयीने चित्र थोडं मोठं करून दाखवतो. रिमोटवरून चित्राच्या आकाराचं सेटिंग उघडा. एलजीमध्ये ते ‘जस्ट स्कॅन’ नावाने असतं, सॅमसंगच्या बऱ्याच टीव्हींत ‘स्क्रीन फिट’. ते निवडलं की पूर्ण स्क्रीन दिसते.

अक्षरं पुसट दिसणं ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. आपल्याकडचे ३२ इंची टीव्ही बहुतेक ‘एचडी रेडी’ असतात. त्यांचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा असतो, फुल एचडीचा १९२० बाय १०८०. कॉम्प्युटर फुल एचडी पाठवतो आणि टीव्ही ते दाबून बसवतो, त्यात बारीक अक्षर मरतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ किंवा १३६० बाय ७६८ करून बघा. तिथेच ‘स्केल’ १२५ किंवा १५० टक्के केलं की अक्षर मोठं होतं आणि खाटेवर बसूनही वाचता येतं. महाभूलेखवरचा सातबारा असा टीव्हीवर उघडला तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही गट नंबर आणि क्षेत्र स्वतः वाचता येतं, पोराच्या तोंडाकडे बघत बसावं लागत नाही. वाटणीच्या वेळी हे फार कामाला येतं.

लाइट गेली की इन्व्हर्टरवर टीव्ही चालू राहतो, पण सीपीयू त्या पालटाच्या क्षणात बंद होऊन पुन्हा सुरू होऊ शकतो आणि अर्धा भरलेला फॉर्म जातो. लॅपटॉपला बॅटरी चांगली असेल तर ही भानगड नाही. सीपीयूवर अर्ज भरणाऱ्यांनी मात्र छोटा यूपीएस घ्यावा किंवा दर पानाला ‘सेव्ह’ दाबायची सवय लावावी, विशेषतः शेवटच्या तारखेच्या आठवड्यात.