महाराष्ट्राचा धावांचा हंगाम : १९४८-४९



पराभूत संघाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. विजेत्याचे नाव करंडकावर कोरले जाते आणि इतरांचा पराक्रम धावपुस्तकाच्या पानांत पडून राहतो. तथापि १९४८-४९ सालच्या रणजी करंडक सामन्यांत महाराष्ट्राच्या संघाने करंडक गमावूनही असे दोन लेख मागे ठेवले, की क्रिकेटच्या इतिहासकाराला ते ओलांडून पुढे जाता येत नाही. त्या हंगामाचाच विचार आज करावयाचा आहे.

रणजी करंडकाची स्पर्धा १९३४ साली सुरू झाली. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० व १९४०-४१ या लागोपाठच्या दोन वर्षी तो करंडक जिंकला होता. त्यामुळे महाराष्ट्राच्या फलंदाजीविषयीच्या अपेक्षा मुळातच मोठ्या होत्या. १९४८ च्या हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच हिंदुस्थानच्या कसोटी दौऱ्यावर आला होता. आपल्या सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर यांनी त्याच डिसेंबरात, मुंबईच्या मैदानावर, त्या संघाविरुद्ध आपला पहिला कसोटी सामना खेळला. लोकांचे लक्ष साहजिकच तिकडे होते. तो सामना संपून तीन दिवस होतात न होतात तोच, १६ डिसेंबर रोजी पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड हा सामना सुरू झाला.

काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. पुढे महाराष्ट्राकडून तिसऱ्या क्रमांकावर खेळावयास आले ते कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. त्यांना नुकतीच एकोणतीस वर्षे पूर्ण झाली होती. त्यांनी आणि भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भर घातली. हा जागतिक विक्रम पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ अबाधित राहिला. भांडारकर २०५ वर बाद झाले, निंबाळकर मात्र खेळतच राहिले. ४९४ मिनिटे, ४९ चौकार, एक षट्कार आणि नाबाद ४४३ धावा! संघाची धावसंख्या ४ बाद ८२६ झाली होती. डॉन ब्रॅडमन यांच्या १९३० सालच्या नाबाद ४५२ धावांच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी करावयास अवघ्या नऊ धावा हव्या होत्या.

आणि येथेच खेळ थांबला. तिसऱ्या दिवशीच्या विश्रांतीत काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार देऊन सामना सोडला. हातातोंडाशी आलेला घास हिरावला जाणे म्हणतात ते हेच. प्रतिपक्षाच्या बाजूने इतकेच म्हणता येईल, की दिवसामागून दिवस चेंडूमागे धावून ज्याचे गडी थकले आणि ज्याच्या हाती जिंकण्याची आशा उरली नाही, त्याला परक्याच्या विक्रमासाठी उन्हात उभे राहणे जड वाटले असेल. परंतु खेळात प्रतिस्पर्धी हा केवळ शत्रू नसतो. त्याच्या पराक्रमाचा तो साक्षीदारही असतो. साक्षीदारच उठून गेला, तर न्याय कसा व्हावा? महाराष्ट्राला विजय मिळाला, पण निंबाळकरांना त्या नऊ-दहा धावा कधीच मिळाल्या नाहीत.

पुढे मार्च १९४९ मध्ये पुण्यातच मुंबईशी उपान्त्य सामना झाला. निकाल लागेपर्यंत खेळावयाचे, अशी त्या काळची पद्धत. म्हणून तो सात दिवस चालला. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या, त्यात माधव मंत्री यांच्या २००. महाराष्ट्राने ४०७ धावांचे उत्तर दिले. २४४ धावांची आघाडी हाती असतानाही मुंबईने दुसऱ्या डावात ८ बाद ७१४ पर्यंत मजल मारली आणि महाराष्ट्रापुढे ९५९ धावांचा डोंगर उभा केला.

एवढे ओझे पाहून कोणीही हातपाय गाळावे. महाराष्ट्राच्या फलंदाजांनी तसे केले नाही. रेगे यांनी दोन्ही डावांत शतके काढली, आणि चौथ्या डावात संघाने ६०४ धावा उभारल्या. चौथ्या डावात याहून मोठी संख्या झाली आहे ती एकदाच, १९३९ साली डर्बन येथे इंग्लंडकडून. ३५४ धावांनी पराभव झाला हे खरे. पण दोन्ही डावांत मिळून १०११ धावा करून हरलेल्या संघाला दुबळे कोण म्हणेल? या सामन्यात ३८ गडी बाद होऊन एकूण २३७६ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातील धावांचा तो उच्चांक आजही मोडलेला नाही. मुंबईने पुढे अंतिम सामन्यात बडोद्याचा पराभव करून करंडक जिंकला.

निंबाळकरांचे ४४३ हा रणजी स्पर्धेतील वैयक्तिक उच्चांक आजही कायम आहे. एवढे असूनही हिंदुस्थानच्या कसोटी संघात त्यांना एकदाही स्थान मिळाले नाही. २०१२ च्या डिसेंबरात, त्र्याण्णव वर्षे पूर्ण व्हावयास एकच दिवस उरला असता, ते कोल्हापूरला निवर्तले.

या हंगामाचा हिशेब मांडताना एक गोष्ट ध्यानात येते. एका सामन्यात हरणारा संघ मैदान सोडून गेला. दुसऱ्या सामन्यात हरणारा संघ, निकाल स्पष्ट दिसत असतानाही, शेवटचा गडी बाद होईपर्यंत उभा राहिला. पराभव दोघांच्याही वाट्याला आला. परंतु पराभव पत्करण्याच्या या दोन रीतींपैकी आपल्या मुलांना कोणती शिकवावी, हे सुज्ञ श्रोत्यांना सांगावयास नको.